परवाने कमी करा म्हणलं की माणूस लगेच दोन नंबरवाला कामून ठरतो?

जिंतूररोड (धागा सुरू करणारे)

कृषी सेवा केंद्र आहे माझं, परभणी जिल्ह्यात, वडिलांपासून. दुकान एक, शटर एक, पण बियाण्याचा परवाना वेगळा, खताचा वेगळा, औषधाचा वेगळा. त्याच्यावर प्रत्येक कंपनीचा उगम, म्हणजे माल कुणाकडून येतो ते, परवान्यात चढवून घ्यायचा, त्याला कंपनीचा दाखला लागतो, खताला ओ फॉर्म, औषधाला पीसी. काट्याची पासिंग वैधमापनवाल्याकडं. भावफलक, साठाफलक, स्टॉक रजिस्टर, बिलावर लॉट नंबर. यातलं बिल आणि रजिस्टर मी मानतो, ते पाहिजेच. पण मृगाचा पाऊस पडलाय, गिऱ्हाईक दारात उभं, माल गोडाऊनला उतरलेला, आणि उगम चढला नाही म्हणून पोतं विकता येत नाही, अन उगम कामून चढला नाही तर साहेब व्हीसीत आहेत. हे कुणाच्या भल्यासाठी चाललंय?

पोतं सीलबंद येतंय. आत काय आहे ते मला दिसत नाही. सॅम्पल फेल गेलं की कंपनीच्या बरोबरीनं माझं पण नाव. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात कलम ३० मध्ये निदान दुकानदाराला बचाव ठेवलाय, की माल परवानाधारक कंपनीकडून घेतला, नीट साठवला, आला तसाच विकला आणि खोट कळायला मार्ग नव्हता तर तो दोषी नाही. पण ते सिद्ध करायला तारखा मलाच. आणि २०२३ ला राज्य सरकारनं विधेयकं मांडली त्यात बोगस बियाणं-खत विकणाऱ्याला एमपीडीए, म्हणजे खटल्याआधीच स्थानबद्ध करायचा कायदा, लावायची तरतूद, म्हणजे वाळूतस्कर, हातभट्टीवाला आणि मी एकाच यादीत! ती संयुक्त समितीकडं गेली, राज्यभर दुकानं बंद राहिली, ते सगळ्यांना माहितीय.

माझं म्हणणं एवढंच की दुकानाला एकच परवाना द्या, कायमचा द्या, आणि गुन्हा सिद्ध झाला की रद्द करा. उगम कंपनीनं ऑनलाइन चढवावा, आमच्या चकरा कशाला. राज्यानं स्वतःच २०१७ च्या दुकान कायद्यात १० पेक्षा कमी कामगार असले तर नोंदणी काढून टाकली, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. कोणतं आभाळ कोसळलं त्यानं?

औसा_सोयाबीन

दादा तुमचा त्रास खरा असंल पण २०२० आठवतंय का. मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही, खाजगी काय अन सरकारी काय दोन्हीच्या तक्रारी, शेवटी औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आमच्याकडं दुबार पेरणी केलेली लोकं अजून त्याच सालाचं नाव काढतेत. सोयाबीनला ७० टक्के उगवण पाहिजे असं टॅगवर लिहिलेलं असतंय. दुकानदार म्हणला कंपनीला विचारा, कंपनी म्हणली पाऊस कमी झाला, खोल पेरलं, कृषी सहायक म्हणला तालुका समितीचा पंचनामा होऊ द्या. पंचनामा होईपर्यंत जमिनीची ओल गेली.

आणि तुम्हाला वाटतंय कायदा लई कडक आहे. १९६६ चा बियाणे कायदा वाचा एकदा. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. पाचशे! बॅगची किंमत किती हे तुम्हीच सांगा. दुसऱ्यांदा सापडला तर सहा महिन्यापर्यंत कैद नाहीतर १००० दंड. एवढ्यावर जे काही थोडंफार भ्या आहे ते परवाना जाईल ह्याचंच आहे. तेबी काढलं तर आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

जिंतूररोड

परवाना काढा म्हणलोच नाही मी, परत वाचा. तीनाचा एक करा म्हणलो.

औसा_सोयाबीन

वाचलं. "कायमचा द्या" ते पण वाचलं. नूतनीकरणाला आला की निदान कुणीतरी दुकान बघून तरी जातंय.

जिंतूररोड

कोण जातंय बघून? फाईल बघतेत फाईल.

परभणी_बीएस्सी_ॲग्री

दोघांचं भांडण बाजूला ठेवून एक सांगतो. मी वनामकृवितून, म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलीय. फवारणीचं औषध विकायला आता कृषी किंवा जवळच्या विज्ञान विषयाची पदवी नाहीतर कृषीचा डिप्लोमा लागतो, जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा एक वर्षाचा देसी डिप्लोमा आहे, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी वर्ग असतात. हा नियम बरोबर आहे असं माझं ठाम मत. २०१७ ला यवतमाळला फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले तेव्हा दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारणं हे एक कारण पुढं आलं होतं, आणि "हे हे मिसळून मारा" हा सल्ला गावाकडं बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरवरूनच मिळतो.

पण आता खरी गंमत. ओळखीतल्या पोरांची सर्टिफिकेटं दुकानात फ्रेम करून टांगलेली आहेत आणि पोरं पुण्यात एमपीएस्सीची तयारी करायलेत. भाडं महिन्याला मिळतंय. मेडिकललाही तेच, १९४८ च्या फार्मसी कायद्यानं डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्याला देता येत नाही, प्रत्यक्षात काउंटरवर मालकाचा भाचा. तपासणीला आलेला माणूस भिंत बघून सही करतो, भिंतीसमोर कोण बसलंय ते विचारत नाही. म्हणून जिंतूरवाले म्हणतेत तसं कागद कमी करायला माझी हरकत नाही, पण पात्रतेला हात लावू नका, उलट काउंटरवरच्या माणसाला दोन प्रश्न विचारा, डोस किती आणि उतारा काय, नाही आलं तर त्या दिवशी शटर खाली.

वाळूज_शिफ्टवाला

कायदे जास्त झाले म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडं या. २०२३ च्या ३१ डिसेंबरला पहाटे वाळूजला हातमोज्याच्या कंपनीत आग लागली, झोपलेले ६ कामगार गेले. तुमच्या दुकानाचं मला माहीत नाही पण कारखान्याचं तपासणी कमी, स्वयंप्रमाणपत्र द्या, हे सगळं मालकाच्या सोयीचं चाललंय. आगीच्या २००६ च्या कायद्यात आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून द्यायचा. म्हणजे सरकारी माणूस आधीच बाजूला झालाय. एजन्सीला पैसे मालक देतो. मग ती यंत्रणा बंद आहे असं लिहून देईल का? सांगा ना.

अंबाजोगाईकर_डॉ

मी सोनोग्राफी करतो, त्यामुळं शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो. गर्भलिंग निदान बंदीच्या कायद्यानं प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना राहिला, सही राहिली, तारीख चुकली तरी खटला होऊ शकतो आणि मशीन सील. २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सुद्धा सांगितलं की एफ फॉर्म अपुरा ठेवणं ही नुसती कारकुनी चूक मानता येणार नाही. निकाल मान्य आहे, पण गर्भलिंग सांगणारा माणूस फॉर्म कधीच चुकवत नाही हो, त्याचे फॉर्म सुंदर अक्षरात भरलेले असतात. अडकतो तो गर्दीच्या ओपीडीत घाई करणारा. त्यात नर्सिंग होमची नोंदणी, फायर, बायोमेडिकल कचरा हे सगळं वेगवेगळ्या खिडकीवर, आणि तालुक्याच्या ठिकाणी दहा खाटांच्या दवाखान्याला ह्याच्यासाठी वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून नवीन पोरं इकडं यायलाच तयार नाहीत.

केजची_माहेरवाशीण

डॉक्टरसाहेब, शिव्या देत नाही पण २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, सहा वर्षाच्या आतल्या. राज्यात सगळ्यात कमी. परळीच्या डॉक्टरचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण २०१२ ला उघडं पडलं. तोवर सगळे चांगले डॉक्टर कुठं होते? कायदा १९९४ चा होता, फॉर्म होते, सगळं होतं, आणि तरी हे चाललं. तुम्ही म्हणता ना की गुन्हेगाराचा फॉर्म सुंदर असतो, मग त्याचा अर्थ फॉर्म काढा असा होत नाही, फॉर्मच्या मागं जाऊन बघा असा होतो. तुमच्या मशीनला सील लागलं तर तुमचा महिना बुडतो. इथं पोरी बुडाल्या.

अंबाजोगाईकर_डॉ

ताई, फॉर्म काढा मी म्हणलोच नाही. गर्भलिंग सांगणाऱ्याला आणि तारीख चुकवणाऱ्याला एकच शिक्षा नको एवढं म्हणतोय.

केजची_माहेरवाशीण

तारीख चुकली की चुकवली हे ठरवणार कोण? परत तुमच्यातलाच कुणीतरी.

निवृत्त_गुणनियंत्रण

बराच वेळ वाचतोय. कृषी खात्यात होतो, सॅम्पलं मीच काढायचो. आधी एक खुलासा, अर्धी भांडणं चुकीच्या दारात चाललीत. बियाणे १९६६, कीटकनाशक १९६८, खत नियंत्रण आदेश १९८५, गर्भलिंग कायदा, हे सगळं दिल्लीचं. राज्याचं स्वतःचं म्हणाल तर कापूस बियाण्याचा २००९ चा कायदा, दुकान कायदा, आगीचा कायदा. पण परवाना किती दिवसात द्यायचा, तपासायला कोण पाठवायचा, त्याची बदली कधी करायची, हे पूर्ण राज्याच्या हातात आहे. आणि त्रास तिथंच होतोय.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही तर अपिलात त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. किती दुकानदारांनी अपील केलं? माझ्या पाहण्यात कुणी नाही, कारण उद्या त्याच टेबलावर जायचंय आणि परवा तोच माणूस सॅम्पल काढायला येणार आहे. परवाना देणारा आणि दुकान तपासणारा एकाच साखळीतला, ही सगळ्यात मोठी गडबड आहे. ह्या दोन कामाला वेगळी माणसं करा. शेंद्र्याच्या एमआयडीसीत मोठी कंपनी आली की सगळ्या परवान्यांसाठी सरकारची 'मैत्री' नावाची एक खिडकी आहे, जिंतूरच्या दुकानदाराला तीन टेबलं. आणि टार्गेटचं कुणी बोलत नाही. महिन्याला इतकी सॅम्पलं काढा म्हणलं की माणूस सोप्या दुकानात जातो, ओळखीच्या, चहा पाजणाऱ्या. ज्याच्यावर संशय आहे तिथं जायला वेळ कुठं राहतो.

जिंतूररोड

साहेब हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलं. औसाकर, आता बोला. कायमचा परवाना, वेगळा तपासणीस, अचानक भेट, आणि सॅम्पल फेल गेलं तर पहिली नोटीस कंपनीला. चालतंय का?

औसा_सोयाबीन

तपासणीस वेगळा ठेवा, ते पटलं. एका परवान्यालाही माझी ना नाही. पण युरियाच्या २६६ रुपये ५० पैशाच्या गोणीसोबत गळ्यात मारायचं लिंकिंगचं सामान, ते तुमच्या यादीत कुठं आहे? की तेबी कंपनीच करते म्हणणार?

जिंतूररोड

कंपनीच करते. खरंच. मला दहा गोण्यासोबत पेट्या देतेत, मी कुठं ठेवू?

औसा_सोयाबीन

मग तसं लिहून तक्रार करा ना, तुमचं नाव घालून. आम्ही करतो की पंचनाम्याला. सुप्रीम कोर्टानं २०१२ ला सांगितलं की बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे, ग्राहक मंचात जाऊ शकतो, तर बिल, टॅग, रिकामी बॅग सगळं जपून आम्ही चकरा मारतो. तुमच्या वरच्या मागणीत परवाना कसा मिळावा ते आहे, नोटीस कुणाला जावी ते आहे. बियाणं उगवलं नाही तर शेतकऱ्याला पैसे किती दिवसात आणि कोण देणार, ही ओळ कुठंच नाही. ती टाका, निवेदनावर सही पहिली माझी.