मदत हवी आहे: उबंटू २२.०४ वर लेबलचं सॉफ्टवेअर बसेना

नमस्कार मंडळी. सोलापुरात साखर पेठेत काकांचा टॉवेलचा कारखाना आहे. गठ्ठ्यांची लेबलं छापायच्या कॉम्प्युटरवर परवा मीच हौसेनं उबंटू २२.०४ (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं आणि पायावर धोंडा मारून घेतला. लेबलचं जुनं सॉफ्टवेअर डेब फाइलमध्ये (उबंटूच्या इन्स्टॉल फाइलमध्ये) आहे. डीपीकेजीनं (ती फाइल बसवणाऱ्या कमांडनं) बसवायला गेलो, तर त्याला लागणारी लिबएसएसएल १.१ ही एन्क्रिप्शनची लायब्ररी नाही म्हणून अडतं. मग एपीटीला (पॅकेजं सांभाळणाऱ्या कमांडला) 'फिक्स ब्रोकन', म्हणजे अडलेलं दुरुस्त कर, असं सांगितलं, तर त्यानं ते सॉफ्टवेअरच काढून टाकलं! उबंटूच्या या आवृत्तीत ओपनएसएसएल ३ (त्याच लायब्ररीची नवी पिढी) आलंय, एवढं कळलं. आता आधीच्या उबंटू २०.०४ मधलं लिबएसएसएलचं जुनं पॅकेज उचलून इथं बसवू का? सुरक्षेच्या दृष्टीनं चालेल? की २०.०४ चा कंटेनर (याच कॉम्प्युटरवर जुनं उबंटू चालवायचा वेगळा कप्पा) करू? प्रिंटर यूएसबीवर आहे, तो कंटेनरमधून दिसेल का? तोवर काकू स्केचपेननं लेबलं लिहितायत. माझ्याशी बोलत नाहीत.