शनिवार-रविवारी काय वाचता? एकच सांगा, पण सविस्तर

आठवडाभर बातम्या मोबाइलवर वर सरकवत राहतो आणि रविवारी रात्री त्यातली एकही धड आठवत नाही. म्हणून वर्षभर मी शनिवारी एकच काहीतरी मोठं वाचतोय. अर्थकारण, तंत्रज्ञान, राजकारण, संस्कृती, काहीही चालेल. फक्त यादी नको. जे खरंच वाचलंत ते आणि वाचताना काय झालं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, लोकांची माहिती साठवणं हेच रोजचं काम. म्हणून खासगीपणाच्या हक्काचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. पुट्टस्वामी खटला, २४ ऑगस्ट २०१७, ९ न्यायमूर्ती, ५४७ पानं. दर शनिवारी सकाळी वीसेक पानं. कायद्याची भाषा पहिले दोन शनिवार जड गेली, मग सवय झाली. आणीबाणीत अटक झालेल्याला सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही, असं १९७६ च्या जबलपूर निकालाने ठरवलं होतं, आणि त्यात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड बहुमताच्या बाजूने होते. तो निकाल चुकीचा होता, असं इथे त्यांच्याच मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलंय. त्या पानाशी आलो आणि पुढे वाचवेना, नुसता बसून राहिलो. सोमवारी मीटिंगमध्ये विचारलं, आपल्या फॉर्मवर जन्मतारीख कशाला मागतो? कुणालाच सांगता आलं नाही. तो रकाना आम्ही काढला.

निफाड तालुक्यातून
महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ सालचा. वडिलांना मोतीबिंदू, त्यामुळे मी मोठ्याने वाचतो आणि ते चाळीत कांदा निवडत ऐकतात. जुनी भाषा मला अडते, त्यांना अडत नाही. शेवटाकडे फुले सरकारला सांगतात की लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून जागोजाग ताली, बंधारे घालून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला जाईल. वडील म्हणाले, "थांब. परत वाच." तीनदा वाचलं. बहात्तरच्या दुष्काळात ते चौदा वर्षांचे होते, दुष्काळी कामावर मातीची पाटी वाहायचे. हातातला कांदा तसाच धरून म्हणाले, "आम्हाला वाटायचं, पोटाला द्यायचं म्हणून काहीतरी काम काढलंय. बांध कशासाठी, ते कुणी सांगितलंच नाही रे." त्या दिवशी पुढे वाचलं नाही. ते बोलत होते, मी ऐकत होतो.

ठाण्याहून, निवृत्त बँक कर्मचारी
डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा ग्रंथ. शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात आहे. दोनदा अर्धवट सोडला होता. चांदी-सोन्याच्या चलनाच्या इतिहासात माणूस दमतो, तिथे घाई करू नका, पेन्सिल हातात ठेवा. "रुपया उतरला की निर्यातदाराला बरं" हे वाक्य मी नोकरीत असंख्य वेळा बोलले. बाबासाहेब विचारतात, हा फायदा येतो कुठून? भाव चढतात, मजुरी त्या वेगाने चढत नाही; म्हणजे तो आपल्याच मजुराच्या ताटातून येतो. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. प्रस्तावना त्यांचे लंडनचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे, आणि त्यात ते सरळ सांगतात की आपल्याला यातले बरेच युक्तिवाद पटलेले नाहीत. तरी विचारांच्या ताजेपणाचं कौतुक करतात. न पटणाऱ्या शिष्याला अशी प्रस्तावना मिळावी आणि शिष्याने ती मानाने छापावी, हे मी नातीला मुद्दाम वाचून दाखवलं.

न्यू जर्सीहून
आषाढीच्या आधीचा रविवार, इरावती कर्वे यांचा 'वाटचाल'. दरवर्षी. वारीत चालताना दिंड्या आणि पंगती जातीजातीच्या वेगळ्या बघून त्यांना जे वाटलं, ते त्यांनी लपवलं नाही. भक्तीही खरी, कळवळाही खरा. इथे जन्मलेल्या मुलांना वारी सांगताना मी याच लेखापासून सुरू करते.

लातूरहून, परिचारिका
माझी शनिवार-रविवार ड्युटीच असते, आणि आमच्या भागातलं वाचनालय नेमकं माझ्या सुट्टीच्या वारी बंद. म्हणून दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' विकत घेतलं. बारा महिन्यांची बारा प्रकरणं, महिन्याला एक. रात्रपाळीत पेशंट झोपले की चार पानं होतात. चैत्राचं प्रकरण वाचल्यावर पहाटे बाहेर आले, तर गेटपाशी झाड कोवळ्या तांबूस पानांनी भरलेलं. सहा वर्षं त्याच्याखाली गाडी लावते. वॉचमनकाकांना विचारलं तेव्हा कळलं, पिंपळ आहे.