‘चेबू जन’ : चार शब्दांवर अडलेली कृती

रांधणारी : सेनेगलच्या माशाच्या भाताची कृती मराठीत लिहितेय. नाव कसं लिहावं? फ्रेंच स्पेलिंग बघून कुणी ‘थिएबूदिएन’ लिहितात. शिवाय ‘रोफ’ म्हणजे सारण का? पार्सली, लसूण, मिरची कुटून माशात भरतात ते. तुकडा तांदूळ आणि तळाला लागलेला भात यांनाही शब्द हवेत.

शब्दखोर : ‘थिएबूदिएन’ नको, ती फ्रेंचांची कसरत आहे. सेनेगलच्या वोलोफ भाषेत चेब म्हणजे तांदूळ, जन म्हणजे मासा आणि मधला ‘उ’ आपल्या ‘चा’चं काम करतो. ‘चेबू जन’ लिहा. च चिंचेतला, चमच्यातला नव्हे, ज जनतेतला. नावाचं भाषांतर करू नका, बिर्याणीचं कुठे करतो आपण?

मालवणी जीभ : ताई, सारण म्हटलं की मोदकच आठवतो. वाटण म्हणा. ‘तुकडीला सुरीने भोक पाडून त्यात वाटण दाबावं’, झालं. पार्सलीऐवजी कोथिंबीर घालणार असाल तर घाला, पण तसं लिहा. मासा तिथे चोफ मानाचा. तो आपल्या हेकरूच्या कुळातला, तेव्हा बाजारात हेकरू किंवा त्याच कुळातला गोब्रा दिसला तर सोडू नका. आणि कृतीत ‘रस्सा भात’ असं कुठे येऊ देऊ नका. टोमॅटोच्या रश्शात मासा, गाजर, कोबी, कसावा, वांगं शिजवून बाहेर काढतात आणि उरलेला सगळा रस्सा तांदूळ पितो. भात मोकळा व्हायला हवा. ताटात वाढताना खाली भात, वर मासा-भाज्या, आणि घरचे सगळे त्या एकाच मोठ्या ताटाभोवती.

शब्दखोर : ‘तुकडा तांदूळ’ दुकानदाराचा शब्द. घरात कणी. पण इथे एक ओळ जास्त खर्च करा, कारण आपल्याकडे कण्या खाणं म्हणजे हलाखी. सेनेगलमध्ये फ्रेंचांनी निर्यातीसाठी भुईमूग वाढवला आणि खायला इंडोचायनातून (आजचे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) तांदळाची कणी आणली. गिरणीत उरणारा माल, स्वस्त. त्याच कणीवर सें-लुई शहरात हा पदार्थ घडला. श्रेय पेंदा म्बाय या स्वयंपाकिणीला देतात. २०२१मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला तो हाच. तेव्हा ‘कणी नसल्यास बासमती’ असलं काही लिहू नका, कृपा करून.

रांधणारी : बासमती खोडला! ‘गेज्ज’ला सुकट लिहिलंय, चालेल ना?

मालवणी जीभ : छे! सुकट म्हणजे सुका जवळा. गेज्ज मोठ्या माशाचा, आधी आंबवून मग वाळवलेला. खारं, म्हणजे मीठ लावून सुकवलेला मासा, म्हटलं तर जवळ येतं, पण आंबवण्याचा वास त्यात नाही. ‘गेज्ज’च ठेवा आणि पुढे ‘आंबवून सुकवलेला मासा’ असं लिहा. घालायचा थोडाच, नाहीतर शेजारी विचारायला येतील.

रांधणारी : आणि तळाचा भात? तिथे त्याला ‘खोञ’ म्हणतात.

शब्दखोर : खरपुडी.

मालवणी जीभ : खरपुडीच. फक्त ‘करपलेला भात’ लिहू नका, लोक भांडं घासायला टाकतील. तिथे तो मुद्दाम खरवडून वाढतात, वर लिंबू पिळायला.