फाशी झाली म्हणजे तपास बरोबर झाला असं धरायचं का? (नाशिकची 2003 ची केस)

परळकर:
खुनाची बातमी निघाली की लोकलमध्ये, ऑफिसात, नाक्यावर सगळीकडे एकच ऐकू येतं, पकडलेत ना, मग कशाला कोर्टकचेरी, लटकवून टाका. म्हणून नाशिककडची एक केस मांडतोय, नीट वाचा. जून 2003, शेतातल्या झोपडीत राहणारं कुटुंब, रात्री दरोडेखोर शिरले, पैसे दागिने घेतले, बायकांवर अत्याचार केले, पाच जणांना मारलं. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा जण पकडले. 2006 ला नाशिकच्या सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली, 2007 ला हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप, 2009 ला सुप्रीम कोर्टाने परत सहाच्या सहा जणांना फाशी. आणि 5 मार्च 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाख भरपाई द्या म्हणून सरकारला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती, आणि त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता!

का सोडलं? वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखले होते. त्या चौघांत या सहापैकी एकही नाही. आणि त्या चौघांवर केस चाललीच नाही. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून कागदावर होती हो, तरी तीन कोर्टांतून फाशी होऊन आली. शिक्षा किती कडक हवी यावर आपण घसा फोडतो आणि पहिल्या आठवड्यात तपास कसा झाला ते कोणी विचारत नाही, माझं म्हणणं एवढंच आहे.

बागलाणकर_ठाणे:
पटलं नाही. सहा जणांवर तुम्ही एवढं लिहिलंत आणि मेलेल्या पाच जणांना एक ओळ. मी त्याच जिल्ह्यातला, आता ठाण्यात राहतो. मळ्यात राहणं काय असतं ते इथे फ्लॅटमध्ये बसून कळायचं नाही, शेजारचं घर दोन शेतं सोडून, रात्री लाईट नाही, कुत्रं भुंकलं की आमचे वडील आधी बॅटरी घ्यायचे आणि आम्हाला आतल्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घालायचे. गावातली माणसं काठ्या घेऊन आळीपाळीने गस्त घालायची. अशा ठिकाणी लोक चिडणार नाहीत तर काय करणार? आणि लोक चिडतात म्हणूनच काम होतं. कोपर्डी बघा, शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून केला ती केस. 13 जुलै 2016 ची घटना, 29 नोव्हेंबर 2017 ला तिघांना फाशीची शिक्षा. अख्खा महाराष्ट्र रस्त्यावर उतरला नसता तर हीच केस दहा वर्षं चालली असती, लिहून देतो.

मीनल_डोंबिवली:
बागलाणकर, लोक रस्त्यावर आले की केस लवकर उभी राहते हे खरं, पण तपास सुधारतो असं नाही. खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006, एका दलित कुटुंबातले चौघे मारले गेले, पुढे केवढी आंदोलनं झाली. भंडाऱ्याच्या कोर्टाने 2008 मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, 2010 ला नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून 25 वर्षांची कैद केली. ॲट्रॉसिटीचं कलम टिकलंच नाही. पोस्टमॉर्टेमपासूनच हलगर्जी झाली असेल तर नंतर कितीही मोर्चे काढा, हातातून गेलेला पुरावा परत येत नाही. तपास ढिसाळ झाला की मेलेल्याच्या घरच्यांचंच पहिलं नुकसान होतं, म्हणून मला परळकरांचं पटतं.

पोलीसलाईन_वरळी:
माझे वडील खात्यातून रिटायर झाले त्यामुळे गप्प बसवत नाही. पोलिसांना शिव्या घालणं सगळ्यात सोपं. गणपती आला बंदोबस्त, निवडणूक आली बंदोबस्त, मंत्री आला बंदोबस्त, आणि त्याच माणसाने खुनाचा तपासही करायचा, वर साहेबाचा रोज फोन, आरोपी कधी अटक? सीए रिपोर्टची, म्हणजे सरकारी लॅबच्या रासायनिक तपासणीची वाट बघत महिने जातात, चार्जशीटची 90 दिवसांची मुदत मात्र थांबत नाही, ती चुकली की आरोपी जामिनावर बाहेर आणि मग तुम्हीच ओरडणार पोलीस विकले गेले. आधी माणसं द्या, मग जाब विचारा.

कोर्टाची_पायरी:
मुंबईत फौजदारी वकिली करते. वरच्या भाऊंचं मनुष्यबळाचं म्हणणं रास्त आहे पण त्याने सगळं माफ होत नाही. रिकव्हरीचा पंच, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू जप्त करताना पोलिसांनी सोबत घेतलेला साक्षीदार, पिंजऱ्यात येतो तेव्हाचं सांगते. शेतातून चाकू जप्त केल्याचा पंचनामा त्याला दाखवतात, तो म्हणतो सही माझी. पाकीट उघडतात, लेबलवर पण त्याचीच सही. मग उलटतपासात विचारलं, कागद वाचून सही केली का? तर उत्तर येतं, पोलीस स्टेशनलाच सही केली, शेतावर मी गेलोच नाही. संपली रिकव्हरी! पोलिसांसमोरचा कबुलीजबाब मुळात पुराव्यात चालत नाही, चालतो तो त्यातून जे सापडलं तेवढाच भाग, म्हणजे केसचा कणाच मोडला. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेच्या नवीन कायद्यात (BNSS) झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं केलंय, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक टीमने जागेवर जायचं असंही आहे, फक्त ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. तालुक्याच्या गावात हे खरंच होतंय का त्यावर बोला ना, फाशी की जन्मठेप यावर किती दिवस भांडणार.

बागलाणकर_ठाणे:
मॅडम, कायदा तुम्हाला जास्त कळतो, मान्य. पण मला सरळ सांगा, त्या पाच जणांना मारलं कोणी? सहा सुटले, भरपाई जाहीर झाली, आणि ती आई? तिने डोळ्यांनी बघितलं, कोर्टात सांगितलं, तरी तिच्या हाती काय लागलं?

परळकर:
अहो तिने तर आधीच सांगितलं होतं! चार फोटोंवर बोट ठेवलं होतं तिने. तुम्ही तिच्या बाजूने बोलताय आणि मीही तिच्याच बाजूने बोलतोय. त्या चौघांचा तपास का केला नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने तपास अधिकाऱ्यांवर कडक ताशेरे मारले. आणि संशय भटक्यांवरच का गेला, हे पण विचारा की. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता, 1952 ला तो कायदा रद्द झाला, पण आजही चोरी झाली की पहिली धाड पालावरच, म्हणजे भटक्यांच्या तंबूंवरच पडते.

बागलाणकर_ठाणे:
पालाचं म्हणाल तर आमच्या गावातही तेच बघितलंय, ते नाकारत नाही. तरी लोकांनी शांत बसावं हे मला कधीच पटणार नाही. मोर्चा काढा, पण त्यात ही पण मागणी घाला की साक्षीदाराने ओळखलेल्या माणसाला सोडून दुसऱ्याला उचललंत तर आधी आम्हाला उत्तर द्या.