मदत हवी आहे: आईचं हार्ट फेल्युअर, मधुमेह आणि चातुर्मासाचे उपास

नमस्कार मंडळी,

आई ६६ वर्षांची, मिरजेत असते. मधुमेह जुना. नुकतंच तिला धाप आणि पायांवरच्या सुजेमुळे ॲडमिट करावं लागलं. छातीत कधीच दुखलं नव्हतं. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ३५ टक्के निघालं, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलायची ताकद बरीच कमी झालीय. यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात.

मधुमेह म्हटलं की सगळे हार्ट अटॅकलाच घाबरतात. अमेरिकेत १९९० ते २०१० दरम्यान मधुमेहींमधलं अटॅकचं प्रमाण सुमारे ६८ टक्क्यांनी घटलं. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं) आणि बीपीवरच्या औषधांचा त्यात मोठा वाटा. पण मधुमेही बायकांना हार्ट फेल्युअरचा धोका पाचपट, पुरुषांना दुपटीहून जास्त, हे अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावच्या हृदयविकाराच्या अभ्यासात १९७४ सालीच दिसलं होतं. तरी आपल्याकडे घरोघरी बोलणं होतं ते साखरेचं आणि ब्लॉकेजचं. याचं मला फार वाईट वाटतं.

आईला एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी सुरू केलीय. हृदयविकार असलेल्या टाइप-२ मधुमेहींवरच्या २०१५ च्या मोठ्या चाचणीत या औषधाने हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालं होतं. मार्च २०२५ मध्ये भारतातलं पेटंट संपल्यापासून ते स्वस्तही झालंय. ते मधेच सुटू नये एवढीच धडपड आहे.

अडचण उपासांची. आई चातुर्मास कडक पाळते, आषाढी-कार्तिकीला तर निर्जळी. ही गोळी साखर आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढते. पोटात काही नसताना घेतली तर कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा रक्तात येणारी आम्लं) धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतात, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर फारशी चढलेली दिसेलच असं नाही. आई म्हणते, "त्या दिवशी गोळी नको घ्यायला, पण उपास मोडणार नाही." डॉक्टरांना पुढच्या व्हिजिटला विचारणारच आहोत.

तुमच्या घरी असं कुणी आहे का? उपासाच्या दिवशी ही गोळी आणि सूज उतरवायची लघवीची गोळी, दोन्हींबद्दल डॉक्टरांनी काय सांगितलं? निर्जळीऐवजी फलाहारावर कसं वळवलंत? उपासाचे वेफर्स आणि लिंबाचं लोणचं यातलं मीठ मला साबुदाण्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं, पण ते ताटातून काढणं जमत नाहीये. रोज सकाळी आईचं वजन करतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायला सांगितलंय.

आणखी एक. बाबाही मधुमेही आहेत, सध्या त्रास काही नाही. त्यांची एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी आत्ताच करून घ्यावी असं वाटतं. सांगली-मिरज-कोल्हापूर भागात कुणी केली असेल तर खर्च किती आला?

रिपोर्ट बघायचे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो.