पोलिश भाषेतील लांब शब्दांची अक्षरे कशी पाडावीत?

निपाणीकर:
नमस्कार. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांच्या स्मरणार्थ महावीर उद्यानात उभारलेला स्तंभ पाहून आल्यापासून मी घरीच पोलिश शिकत आहे. ‘पन्नास वर्षांचा’ या अर्थाच्या ‘प्येंचज्येश्येंच्योलेतनी’ या शब्दापाशी मी अडलो आहे. मूळ लेखनात दहा स्वरचिन्हे दिसतात, परंतु ऐकताना अक्षरे, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे, सहाच लागतात. उरलेली चार कुठे जातात?

खानापूरच्या बाई:
आपण बरोबर ऐकले आहे. ती चारही चिन्हे ‘इ’ची आहेत. व्यंजनानंतर आणि दुसऱ्या स्वराच्या आधी आलेला हा ‘इ’ स्वतंत्र उच्चारला जात नाही, तो केवळ आधीचे व्यंजन तालव्य करतो, म्हणजे जीभ टाळूकडे नेऊन उच्चारायला लावतो. ‘माझा’ आणि ‘माझ्या’ मोठ्याने म्हणून पाहा: दुसऱ्या शब्दात ‘झ’ पालटतो, पण अक्षरे दोनच राहतात. आपण ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतला भेद लिहून दाखवत नाही. पोलिशमध्ये तो पुढच्या ‘इ’ने किंवा व्यंजनाच्या चिन्हावरच्या तिरप्या रेघेने दाखवतात. म्हणून विभागणी अशी: प्येंच-ज्ये-श्यें-च्यो-लेत-नी. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, येथे ‘लेत’वर.

अर्थाने पाहिल्यास ‘पन्नास’ म्हणजे तेथे ‘पाच-दहा’. त्याला वर्षवाचक शब्द आणि विशेषणाचा ‘नी’ प्रत्यय जोडला आहे. ‘चार’चे ‘चौकोनी’त ‘चौ’ होते, तसे संख्येचे रूप समासात बदलते.

टिळकवाडी, बेळगाव:
समासातल्या जोड-स्वराविषयीही लिहावेसे वाटते. ‘वोदा’ म्हणजे पाणी आणि ‘स्पात’ म्हणजे पडणे किंवा उतार, यांचा मध्ये ‘ओ’ येऊन ‘वोदोस्पात’ होतो. गोकाकच्या धबधब्याला पोलिश माणूस हाच शब्द वापरील. कन्नडमध्ये ‘मने’ (घर) आणि ‘अल्लि’ (मध्ये) मिळून ‘मनेयल्लि’ (घरात) होते, तेव्हा मधला ‘य’ असाच जोडणारा आहे ना?

खानापूरच्या बाई:
साम्य वरवरचे आहे. कन्नडमधला ‘य’ दोन स्वर एकमेकांना भिडू नयेत म्हणून येतो, पोलिश ‘ओ’ मात्र दोन शब्दांचा समास झाल्याची खूण आहे. शिवाय अर्थाचा सांधा आणि अक्षराचा सांधा नेहमी एक नसतो. ‘पोदोफित्सेर’, म्हणजे दुय्यम दर्जाचा लष्करी अधिकारी, हा ‘पोद’ आणि ‘ओफित्सेर’ यांचा बनला आहे. बोलताना मात्र पो-दो-फि-त्सेर असा तुटतो. आपला ‘दुरुपयोग’ घ्या: घटक ‘दुर्’ आणि ‘उपयोग’, पण तोंडात येते ते दु-रु-प-योग.

निपाणीकर:
बाई, आता ‘सत्तर वर्षांचा’ मी स्वतः तोडून पाहिला: श्ये-देम-ज्ये-श्यें-च्यो-लेत-नी. सात अक्षरे, आघात ‘लेत’वर. हे बरोबर आहे का?

खानापूरच्या बाई:
अगदी बरोबर. आता ‘मातेमातिका’, म्हणजे गणित, हा शब्द म्हणून पाहा. तेथे आघात शेवटून तिसऱ्या ‘मा’वर पडतो, कारण तो शब्द ग्रीक-लॅटिन घराण्यातून आलेला आहे.