भर उन्हात कुंडीतल्या कलमांना टाकीचं तापलेलं पाणी घालावं का?

गच्चीबाग_रत्नागिरी:
माझं मत सरळ आहे, एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कुंडीत घालूच नये. मागच्या वर्षी माझं कागदी लिंबाचं कलम असंच गेलं, दुपारी पानं मान टाकून बसलेली दिसली म्हणून घाईने नळी लावली, उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी हाताला चटका बसेल असं होतं, तरी दिलं आणि चार दिवसांत सगळी पानगळ. उपटून बघितलं तर कुंडीच्या कडेची मुळं तपकिरी, ओढली की साल सुटून हातात.

माडाखाली_गुहागर:
नाही पटलं. पाण्यापेक्षा कुंडी जास्त तापते हो. १२ इंची कुंडीत १२-१५ किलो माती, त्यात लिटरभर ४५ अंशाचं पाणी ओतलंत तरी माती एखाद-दोन अंशच चढणार. काळ्या कुंडीला पश्चिमेचं ऊन लागतं त्याचं काय? आणि साल सुटणारं मूळ म्हणजे कुजलेलं मूळ, तुमच्याकडे पाणी साचत होतं. दुपारी मान टाकलेली झाडं संध्याकाळी आपली आपण उभी राहतात, माती ओली असेल तर हात लावू नका.

गच्चीबाग_रत्नागिरी:
भोक बुजलं होतं हे खरं, ती चूक माझीच. पण तुमचा हिशोब पाणी मातीभर सारखं पसरलं तरच बरोबर. सुकलेली माती कडेने सुटते, पाणी त्या फटीतून थेट खाली जातं आणि बारीक मुळं नेमकी तिथेच असतात. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम, ४० अंशाला साडेसहाच्या आत.

बावकाठ_वेंगुर्ला:
आमच्याकडे उलटंच सांगतात, तापलेल्या झाडाला बावीचं (विहिरीचं) गार पाणी घातलं की धक्का बसतो. आजी ऊन कलल्याशिवाय कळशी उचलायची नाही.

माडाखाली_गुहागर:
आजीची वेळ बरोबर, कारण वेगळं. बावीचं पाणी आपल्या अंगाला गार लागतं, असतं ते २६-२८ अंशाच्या आसपास, मुळांना अगदी मानवणारं. धक्का बसेल तो फ्रिजच्या पाण्याने, कुंडीत बर्फ टाकणाऱ्यांनी तर ते आधी थांबवावं. मातीवर सोडणं (नारळाची सालं) नाहीतर पातेरा (वाळलेला पाला) पसरा, कुंडीला गोणपाट गुंडाळा, फरक त्याने पडेल.

बावकाठ_वेंगुर्ला:
पण आमची बाव मेमध्ये आटते, टँकर येतो दुपारी दोनला, मग टाकीतलंच वापरावं लागतं ना.

गच्चीबाग_रत्नागिरी:
दोनलाच बादल्या भरून सावलीत ठेवा आणि साडेसहाला घाला. नळी लावलीत तर पहिलं पाणी बादलीत सोडा, हात सहज बुडवता आला की मग कुंडीत.

माडाखाली_गुहागर:
बादल्यांचं मान्य. पण माती कोरडी ठणठणीत असेल तर मी संध्याकाळची वाट बघणार नाही, दुपारी दोनला कोमट पाणीसुद्धा घालीन, फक्त चटका बसणारं नाही.